पाच हातांची काठी

गळाची काठी केवढी असावी हे मला तुळशीरामतात्यांनी शिकवलं, आणि मुद्दाम चुकीचं शिकवलं. हे आधीच सांगून टाकते. पुढं मी त्यांचं कौतुक करायला लागले तर वाचणाऱ्यानं फसू नये. मी फसले होते.

आठवण निघाली ती जावयामुळं. त्यांनी पुण्याहून विकतची काठी आणली. काळी, हलकी, एकात एक जाणारी. दुकानात म्हणे तीन-चार लांबीच्या होत्या, आणि कुठल्या पाण्याला कुठली घ्यावी यावर दुकानदार अर्धा तास बोलला. जावई मला म्हणाले, "मामी, आपल्या तळ्याला किती फुटी लागेल?" मी म्हटलं, "बारा." ते म्हणाले, "तुम्ही तर लगेच सांगितलं." मी त्यांना आणखी एक भाकरी वाढली. त्या बारा फुटांसाठी माझं काय काय गेलं ते जेवणाच्या ताटावर सांगण्यासारखं नव्हतं.

आमचं गाव येरमाळ्यापासून दोन कोसांवर. गावाखाली निजामाच्या वेळचं तळं आहे. तळ्याच्या बांधाला लागून आमचं सहा एकर रान, आणि गावात आमच्या घराला लागून तात्यांचं घर. मी लोहाऱ्याकडची, चौथी शिकलेली. लग्न होऊन आले तेव्हा तात्या ओट्यावर बसून बांबू तासत होते. माझ्याकडं एकदाच बघितलं आणि घरात ओरडून बायकोला सांगितलं, "रखमे, दत्तूची बायको सव्वातीन हात हाय. दाराची चौकट लागायची न्हाय तिला."

असा त्यांचा स्वभाव. दिसेल त्याचं माप काढायचे. कमरेला एक सुतळी बांधलेली असायची, हाताहाताच्या अंतरावर गाठी मारलेली. बैल विकायला आला की सुतळी निघायची. कुणाची भिंत चढायला लागली की सुतळी. एकदा मयताला गेले आणि तिरडीचे बांबू मोजायला लागले, तेव्हा रखमाकाकूंनी सगळ्यांसमोर त्यांच्या हातावर चापट मारली.

तात्या आधी निजामाच्या नोकरीत होते. रस्ते आणि पूल बांधणाऱ्या एका गोऱ्या इंजिनेराचे चपराशी. त्या साहेबाला मासे धरायचा नाद. साहेबाची काठी तीन तुकड्यांची, पितळी कड्यांत बसणारी. गळाला आमिष नाही, तर पिसं बांधून केलेली खोटी माशी. ती पाण्यावर टाकायची, मासा खरी समजून उडी मारायचा. साहेबाकडं तसल्या चार काठ्या होत्या. नदी बघितल्यावर साहेब बोट करायचा आणि तात्यांनी बरोबर तेवढ्या लांबीची काठी काढून द्यायची. चुकीची दिली तर त्या दिवशी उपास. तात्या हे फार अभिमानानं सांगायचे. "बारा वर्षांत दोनदा उपाशी राह्यलो. दोनदाच."

निजाम गेला, साहेबही गेला. जाताना त्यानं तात्यांना मोडक्या काठीचा शेंडा दिला. तो त्यांनी देव्हाऱ्याच्या वरच्या खुंटीला टांगला होता. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं. नोकरीचे कागद मात्र हैदराबादेत राहिले आणि तात्या इकडं. पुढं आमचा जिल्हा मुंबईच्या राज्यात गेला. तिथले लोक म्हणायचे हैदराबादेत विचारा, हैदराबादेतले म्हणायचे मुंबईला विचारा. पेन्शन काही सुरू झाली नाही.

पण मासे धरण्यात त्यांना तोड नव्हती, हे मी आजही म्हणते. साहेबासारखी माशी बांधायला कोंबड्याच्या मानेचं पीस लागतं, म्हणून गल्लीतला एकही कोंबडा मानेनं धड राहिला नव्हता. बायका शिव्या द्यायच्या. तात्या म्हणायचे, "कोंबडा तर आज ना उद्या कापायचाच हाय. पीस आधी दिलं तर काय बिघडलं?"

गावात कुणाला गळाची काठी पाहिजे असली तर तात्यांकडं यायचं. पैसे घेत नसत. पण लगेच देतही नसत. आधी विचारायचे, "कुठल्या पाण्यावर बसणार?" मग त्या माणसाबरोबर तिथवर चालत जायचे, उकिडवे बसून पाणी बघायचे, आणि मग बांबू तोडायचा. ओढ्याला पाच हात, कारण वरून बाभळीच्या फांद्या येतात आणि लांब काठी अडकते. नदीच्या पात्राला सहा-सात. तळ्याला आठ, म्हणजे बारा फूट, कारण तळ्यात काठाला नुसता गाळ. मासा असतो जिथं तळ एकदम खाली जातो तिथं. त्याला तात्या 'उतार' म्हणायचे. "उतारावर गळ पडला पायजे. न्हायतर नुसतं बसून माशा मारायच्या," असं म्हणायचे. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "पाणी बघून काठी. माणूस बघून न्हाय."

शाळेत नवीन गुरुजी आले होते. त्यांना तात्यांनी ओढ्यासाठी पाच हातांची काठी दिली. गुरुजींना वाटलं म्हाताऱ्यानं बांबू वाचवला. त्यांनी बाजारातून दहा हातांचा बांबू आणला आणि रविवारी ओढ्यावर गेले. पहिल्याच झटक्याला गळ मागं बाभळीत अडकला, सोडवायला वर चढले तर धोतर अडकलं. गुराख्यांनी उतरवलं. सोमवारी तात्या शाळेपुढनं मुद्दाम गेले आणि खिडकीतून विचारलं, "गुरुजी, बाभळ केवढी घावली? कालवण झालं का?" गुरुजींनी पुढं जन्मभर त्यांना बघून नमस्कार केला.

हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून जे पुढं झालं त्यात माझाही गाढवपणा आहे.

माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. श्रावणात मालकांना मुदतीचा ताप आला. एकवीस दिवसांनी ताप उतरला, पण माणूस उठेना. पाय काटक्यांसारखे झाले. भिंतीला धरून उभे राहिले की थरथर कापायचे. येरमाळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, औषध संपलं, आता खायला घाला. अंडी, दूध, आणि मिळाला तर मरळ मासा. मरळीच्या रश्शानं अंगात लवकर ताकद येते, असं तेव्हा सगळेच म्हणायचे. आमची म्हैस आटलेली. कोंबड्या त्याच पावसाळ्यात मानमोडीनं गेलेल्या. राहिली मरळ.

घाई कशाची होती तेही सांगते. रान सासऱ्यांच्या नावावर, आणि कारभार थोरल्या दिराकडं. दिरांनी सांगून टाकलं होतं, "दसऱ्यापर्यंत दत्तू औताला उभा राह्यला तर बरं. न्हायतर त्याच्या वाटणीचं रान मी दुसऱ्याला लावतो. रब्बी पडीक ठेवायची न्हाय." वाईट मनानं बोलले नाहीत. ज्वारी पेरायचे दिवस कुणासाठी थांबत नाहीत. म्हणजे माझ्या हातात महिना-सव्वा महिना होता.

मी तात्यांकडं गेले. म्हटलं, "तात्या, मला काठी करून द्या. तळ्यावर बसते."

रखमाकाकू हसल्या. "अगं, बाईमाणूस गळ धरून बसणार व्हय?"

"भोयांकडं मरळ मागितली. जाळ्यात घावत न्हाय म्हणतात. मग काय करू?"

तात्या हसले नाहीत. बराच वेळ बांबूची साल काढत राहिले. मग मला ओट्याखाली उभं केलं, हात वर करायला सांगितला, आणि सुतळी लावली. टाचेपासून बोटापर्यंत. म्हणाले, "पाच हात."

मी म्हटलं, "तळ्याला आठ म्हणता ना तुमी?"

"ते गड्याला. बाईच्या मनगटाला आठ हात पेलत न्हाय. दोन दिसांत हात सुजंल. तुझा नाप घेऊन सांगायलाव ना?"

इथं मला कळायला पाहिजे होतं. जो माणूस दहा वर्षं पाणी बघून काठी सांगत होता, त्यानं माझी काठी माणूस बघून सांगितली. पण ते म्हणाले ते पटण्यासारखं होतं, आणि मला गरज होती. त्यांनी काठी फार सुंदर करून दिली. सरळ, गाठी घासून गुळगुळीत केलेली, शेंडा तेल पाजून लवचीक केलेला. मला तळ्यावर नेलं आणि ते स्वतः संध्याकाळी बसायचे त्या जागेच्या थोडं अलीकडं एका चपट्या दगडावर बसवलं. "हा तुझा दगड. इथनं हलायचं न्हाय." गांडूळ कसं लावायचं, दोरा कसा टाकायचा, मासा ओढायला लागला की कधी झटका द्यायचा, सगळं शिकवलं. शिकवताना कधी चिडले नाहीत. माझ्या बापानंसुद्धा मला इतक्या शांतपणे काही शिकवलं नव्हतं.

मी सकाळी मालकांना भाकरी भरवून जायची आणि उन्हं चढेपर्यंत बसायची. बायका धुणी धुताना टोमणे मारायच्या. एक म्हणाली, "काय गं, तळ्याची पाटीलकी मिळाली व्हय?" मी म्हटलं, "व्हय, तुझं धुणं जरा खाली ने, माझे मासे पळायलेत." मासे कुठले. बोटाएवढ्या मासोळ्या आणि एखादा शिंगटा. महिनाभरात तीनदा कालवण झालं, तेही काट्यांचं.

मी तात्यांना विचारायची, "मरळ का लागत न्हाय हो?"

ते म्हणायचे, "मरळ आता राह्यली न्हाय या तळ्यात. मागच्या दोन उन्हाळ्यात पाणी आटलं तवा संपली. तू बसत जा, नशीब असंल तर घावंल एखादी."

दर गुरुवारी तात्या तालुक्याला जायचे. पेन्शनच्या कागदांसाठी. एका सकाळी येरमाळ्याच्या रस्त्यावर एस.टी.ची वाट बघताना दिसले. खांद्याला पिशवी, आणि पिशवीतून थेंब थेंब पाणी गळत होतं. मी म्हटलं, "तात्या, कागद भिजतील हो."

"मेणकापडात हायत," ते म्हणाले.

मी हसत हसत घरी येऊन मालकांना सांगितलं, तात्यांनी कागद धुतले वाटतं. मालकही हसले. आजारपणात ते पहिल्यांदा हसले होते, म्हणून ती गोष्ट माझ्या ध्यानात राहिली.

दसरा आला. मालक काठी धरून दारापर्यंत चालले. औताचं तर सोडाच. दिरांनी दोन दिवस वाट बघितली आणि आमच्या वाटणीचं रान शेजारच्या गावच्या एका माणसाला दोन वर्षांसाठी लावून दिलं. पुढची दोन वर्षं मी आणि मालक आमच्याच रानात दुसऱ्याच्या रोजानं जात होतो. खुरपताना बांधावरचा आपलाच आंबा दिसायचा. त्याच्या सावलीला बसायचं तर विचारून.

रान गेल्यावर चार-पाच दिवसांनी मी पुन्हा तळ्यावर बसले होते. सवयीनं. त्या दिवशी गावातली चार टवाळ पोरं तेरखेड्याहून दिवाळीची शोभेची दारू घेऊन आली होती. मोठमोठे बार. त्यांना काय सुचलं कुणास ठाऊक, पेटवून एक बार तळ्यात फेकला. फेकला तो तात्यांच्या बसायच्या जागेसमोर, पाणी जिथं काळं दिसतं तिथं. दणका असा झाला की माझा दगड हलल्यासारखा वाटला. पाणी उसळलं, गढूळ झालं, आणि मग हळूहळू वर यायला लागले मासे. पोटं वर करून. लांब, काळे, सापासारख्या डोक्यांचे. मी मोजले नाहीत. पण दहा-बाराच्या वर होत्या. सगळ्या मरळी.

गाव धावत आलं. तात्याही आले, अनवाणी. ते रडत होते. पोरांना शिव्या देत होते, "भाड्यांनो, पोटुशी जनावरं मारलीत! गळ लावून धरायची ताकद न्हाय तुमच्यात! ह्यो काय मर्दपणा झाला?" एकाच्या श्रीमुखात दिली. लोक म्हणत होते, म्हाताऱ्याला माशांची केवढी माया. पोरं मान खाली घालून उभी होती.

मी उठले. माझी काठी दगडावरून पाण्याच्या दिशेनं धरली आणि दोरा सोडला. दोरा जिथं पडला तिथून मासे तरंगत होते ती जागा जास्तीत जास्त तीन हात पुढं होती. तीन हात. आठातून पाच गेले की राहतात तेवढे. चौथीपर्यंतचं शिक्षण त्याला पुरतं.

मी पाण्यात उतरून एक मरळ उचलली आणि तात्यांपुढं धरली.

"तात्या, ही काय हाय?"

त्यांचं रडणं थांबलं. "मरळ," म्हणाले.

"राह्यली न्हाय म्हणाला होता."

लोक बघायला लागले. तात्या खाली आवाजात म्हणाले, "सूनबाई, घरला ये. घरी बोलू."

मी त्यांच्या घरी गेले. ओट्यावर नाही, आत गेले, देव्हाऱ्यापुढं. रखमाकाकू चुलीपाशी होत्या. त्यांना सगळं माहीत होतं हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं. तात्या म्हणाले, "कचेरीतल्या साहेबाला मरळ लई आवडती. दर गुरुवारी एक द्यावी लागती. तो म्हणतो, तुळशीराम, तुझा कागद मीच हलवणार. तळ्यात चाळीस-पन्नास मरळी असतील. तू उतारावर बसली असतीस तर रोज नेली असतीस. मग मी काय नेणार? माझा कागद अडकलाय गं."

"माझा नवरा अडकला होता," मी म्हटलं.

त्यांनी खुंटीवरच्या शेंड्याकडं बघितलं. मग म्हणाले, "तुला पोहता येत न्हाय. उतारावर पाय घसरला असता तर? त्याचा बी विचार केला म्या."

"तर मग तसं सांगायचं. पोहता येत न्हाय, तू बसू नको, मी एक धरून देतो. एक. महिन्यात चार गुरुवार येतात तात्या, पाचवी मरळ नव्हती व्हय तुमच्यापाशी?"

ते कमरेची सुतळी बोटांनी चाचपत बसले. मी त्यांनी दिलेली काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि निघाले.

मरळ मात्र मी टाकली नाही. रागापोटी खाणं टाकणं मला परवडत नव्हतं. रस्सा केला. मालकांनी दोन वाट्या प्यायल्या आणि विचारलं, "कुठं घावली?" मी सगळं सांगितलं. त्यांनी वाटी पुसून खाली ठेवली. मग म्हणाले, "जाऊ दे. तात्यानं तुला गळ तर शिकवला." पुढं तीस वर्षं, मरेपर्यंत, मालक तात्यांच्या बाजूनंच बोलले. मी नाही बोलले. मरळ खाऊन माणूस महिन्यात औताला उभा राहिला असता का, मला ठाऊक नाही. तात्यांनाही ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं म्हणूनच द्यायला पाहिजे होती.

तात्यांचा कागदही काही हलला नाही. त्या साहेबाची त्याच आठवड्यात बदली झाली. नवीन साहेब आले ते माळकरी निघाले. तात्या पहिल्याच गुरुवारी ओली पिशवी घेऊन गेले होते, तर साहेबांनी वासानं त्यांना खोलीबाहेर काढलं. हे मला रखमाकाकूंनीच सांगितलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मी माझी काठी स्वतः केली. बांबूच्या बेटात जाऊन आठ हातांचा तोडला, तात्यांकडं बघून शिकले होते तसाच शेकला, तेल पाजलं. पहिले चार दिवस मनगट सुजलं. पाचव्या दिवशी उतरलं. तात्यांच्या जागेवर जाऊन बसले. ते काठावर आले, मला बघितलं, आणि मागं फिरून माझ्या चपट्या दगडावर जाऊन बसले. तेव्हापासून जागा तशाच राहिल्या. आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्या दारूच्या बारानं तळ्याचं वाटोळं झालं होतं, दोन पावसाळे कुणालाच काही लागलं नाही. तिसऱ्या वर्षी मला पहिली मरळ लागली. तोवर रान आमच्याकडं परत आलं होतं आणि मालक औत धरत होते.

आणखी दोनेक वर्षांनी तात्या अंथरुणाला खिळले. एके सकाळी रखमाकाकू माझ्या दारात आल्या. आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "डॉक्टर म्हणायलेत, मरळीचा रस्सा द्या. गावात तुझ्याबिगर कुणाला लागत न्हाय."

राह्यली न्हाय तळ्यात, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. काकूंनी माझं काही वाईट केलं नव्हतं, फक्त चुलीकडं तोंड करून बसल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर मला मरळ द्यायची होती त्यापेक्षा दाखवायची जास्त होती.

मी बेडकाचं आमिष लावून बसले. उन्हं चढायच्या आत लागली, कोपरापासून बोटापर्यंत लांब. बादलीत पाणी घेऊन जिवंतच नेली आणि त्यांच्या खाटेपाशी ठेवली. साहेबाचा शेंडा खुंटीला तसाच होता, नवीन हळदकुंकू लावलेला. तात्या इतके वाळले होते की धोतरावर बांधलेली सुतळी दुहेरी गुंडाळली होती. कुशीवर वळून त्यांनी बादलीत बघितलं. मरळ गोल फिरत होती. बराच वेळ बघत राहिले. माझ्याकडं नाही बघितलं.

मग विचारलं, "काठी केवढी?"

"आठ हात."

त्यांची बोटं सुतळीवर गेली. एकेक गाठ सरकवत आठव्या गाठीपाशी आली आणि थांबली.

"बरोबर," ते म्हणाले. "त्या पाण्याला तेवढीच लागती."

मी मरळ काकूंच्या पातेल्यात सोडली, बादली अंगणात उपडी केली आणि घरी आले.